राजाचं पागोटं सुटलं

दवंडी पिटली गेली आणि राजवाड्यातल्या निम्म्या माणसांची कामं गेली! "ज्याचं डोकं पांढरं, त्यानं उद्यापासून कामावर यायचं नाही होऽऽ!"

हौसाचा बाप धोंडजी चाळीस वर्षं गजसेन राजाला पागोटं बांधत होता. राजाचं उघडं डोकं दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं. आता त्याच्या जागी दिवाणजींचा भाचा आला. दिवाणजी स्वतः सत्तरीचे; पण टकलावर केसच नाहीत, म्हणून वाचले!

"मोठ्यांचा हुकूम पोरी, जाऊ दे," धोंडजी कण्हला. "वाईट एवढंच वाटतं, तो भाचा आतली गाठच मारत नाही."

"चाळीस वर्षं 'जी महाराज' केलंत, म्हणून ही वेळ आली!" हौसा फणकारली आणि तडक दरबारात घुसली.

"महाराज, पांढऱ्या डोक्याचा एक जण अजून वाड्यात कामाला आहे!"

"अशक्य!" राजाच्या काळ्याकुळकुळीत मिशा थरथरल्या. "आत्ता हजर कर. केलास तर हुकूम रद्द. नाहीतर बापलेक दोघंही राज्याबाहेर!"

"करते की! पण आधी सांगा, तुम्हाला घोड्यावर चढवायला तिघं लागतात म्हणे?"

"नाही!" राजानं मान झटकली. पागोटं कानावर आलं.

"दुपारी सिंहासनावर घोरता म्हणे?"

"मुळीच नाही! नाही! नाही!"

शेवटच्या 'नाही'ला पागोटं सुटलं आणि घरंगळत दिवाणजींच्या पायाशी गेलं. खाली डोकं कसलं, पिंजलेला कापूस!

"हा घ्या, हजर केला!" हौसा भालदाराकडे वळली. "दादा, हुकूम ठाऊक आहे ना? काढा यांना बाहेर!"

भालदारानं एक पाऊल टाकलं, राजाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे घेतली.

"अगं, पण मला राज्य चालवता येतं!" राजा ओरडला. "केसांचा इथे काय संबंध?"

"माझ्या बाबांना पागोटं बांधता येतं, महाराज. केसांचा तिथे काय संबंध?"

राजानं आपल्या पांढऱ्या डोक्यावरून हात फिरवला. मग राजाला असं हसू फुटलं की मिशांचा कलप गालांवर ओघळला!

"दिवाणजी, लिहा कायदा! माणसाचं काम बघायचं, वय नाही. वय बघून जो कुणाला काढेल, त्यानं चाळीस दिवस बोडक्या डोक्यानं गावातून फिरायचं! आणि कायदा पाळला जातो की नाही, ते हौसा बघेल. तिला सोन्याचं कडं द्या!"

"आणि माझा भाचा, महाराज?"

"त्याला धोंडजीच्या हाताखाली गाठ मारायला बसवा! अरे, बोलवा त्या धोंडजीला लवकर, डोक्याला गार वारा लागतोय!"