द्वारकाकाकूंसाठी साउंडबार

भिंतीवर सपाट टीव्ही टांगायची चाल नुकती पडली होती, त्या काळची गोष्ट. एका टीव्हीचे स्पीकर पाठीला होते, त्यामुळे तो बोले ते भिंतीशी. समोर बसलेल्या म्हाताऱ्या द्वारकाकाकूंना शब्दच कळत नसत. टीव्हीला वाटे, आपलंच काहीतरी चुकतंय.

पुतण्या श्रीधरने दुकानातून दोन साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचे लांबट स्पीकर, पाहायला आणले. त्यांतला एकच ठेवायचा होता. थोरला आधी जोडला. तो गरजला तशी मांडणीवरची भांडी थरथरली. "काय दणका आहे!" श्रीधर म्हणाला. काकूंनीही मान डोलावली.

"ठरलं माझं," थोरला टीव्हीला म्हणाला.

"काकू आधी श्रीधरचा चेहरा बघतात, मगच मान डोलावतात," टीव्ही चाचरत म्हणाला. "मी समोर असतो, मला दिसतं. त्यांना काही कळलेलं नाही."

मग श्रीधरने धाकट्याला जोडलं. त्याच्यात दणका नव्हता. मालिकेतली आई सासरी निघालेल्या लेकीला हळूच म्हणाली, "फोन करत जा गं." काकूंनी श्रीधरकडे पाहिलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"काकू, काय झालं?"

"थांब रे, ती माउली बोलतेय. मध्ये बोलू नकोस."

श्रीधरने थोरल्याचं खोकं पुढे ओढलं. थोरला आपल्या रिकाम्या खोक्याकडे बघत राहिला.