पायरी झालेला जात्याचा दगड

फार मागची गोष्ट. ओढ्याकाठची पाणचक्की बंद पडली आणि तिथं चार कुटुंबांनी घरं थाटली. गवंड्यानं जात्याचा खालचा दगड खाचा वर ठेवून यमुनाक्कांच्या दारापुढं पायरी म्हणून बसवला.

"पंचक्रोशीला पीठ दिलं मी," दगड ओढ्याला म्हणाला, "आता माझ्यावर पाय देतात. पाथरवट दरवर्षी छिन्नीनं या खाचा पाडून जायचा. दळणच उरलं नाही, मग एवढं सोसलं कशाला?"

ओढा खळखळत वाहत राहिला.

काही दिवसांनी गवंडी परत आला आणि ओढ्यावरून येणाऱ्या आक्कांना लांबूनच म्हणाला, "यमुनाक्का, या खाचा घासून गुळगुळीत करतो. शोभा येईल." दगड सुखावला.

तेवढ्यात कडेवर तान्ही नात घेतलेल्या आक्का ओल्या पायांनी दारापर्यंत आल्या. गवंड्यानं अंगणात घातलेल्या नव्या गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय सटकला. दुसरा दगडावर पडला आणि खाचांमुळे घट्ट टेकला. नात कडेवरच राहिली.

आक्का खाली वाकल्या. दगडाला हात लावून त्यांनी तो हात कपाळाला लावला. "याच्या खाचा घासू नकोस बाबा."

मग दगडानं ओढ्याला हळूच विचारलं, "तो पाथरवट कुठल्या गावचा होता रे?"