पोवळेबंदरचा बघू-राजा

एक होता राजा. नाव त्याचं सोमभान. त्याचं शहर समुद्राकाठी, पोवळेबंदर. तिथली खाडी इतकी खोल, की सातासमुद्रापलीकडची जहाजं थेट बाजाराच्या दारात येऊन उभी राहायची. कुणी रेशीम आणायचं, कुणी खजूर, कुणी काचेच्या हंड्या. जाताना मिरी नि वेलदोडे भरून न्यायचे. साऱ्या शहराची चूल त्या जहाजांवर पेटायची, बरं का.

राजा स्वभावाने अगदी गूळ. लहानपणी आईने त्याला सांगितलं होतं, "सोमू, कुणाला तोंडावर नाही म्हणू नये रे. माणसाचं मन मोडतं." राजाने मनाशी खूणगाठ बांधली. मग कुणी काही विचारलं, की तो गोड हसून म्हणायचा, "बघू."

आता बघू म्हणजे काय, ते तुम्हांला का मी सांगायला हवं? जत्रेत पाळण्यात बसू का म्हटलं, की आई काय म्हणते? बघू. मग बसता का कधी पाळण्यात? तस्संच. कुंभाराने मडकी होडीत चढवायला राजाकडे नवा घाट मागितला. राजा म्हणाला, "बघू." कुंभार समजला, म्हणजे नाही. बिचारा आल्या पावली घरी गेला. पण राणीचा भाऊ रंभाजी होता बंदराचा कारभारी, भारी चलाख! त्याने विचारलं, "दाजी, येईल त्या जहाजाकडून जकातीवर माझ्यासाठी थोडी भेट घेऊ का?" राजा म्हणाला, "बघू." रंभाजी समजला, म्हणजे हो! आणि लागला हात मारायला. मग राजाचं पाहून न्यायाधीश बघू म्हणायला लागला. कोतवाल बघू म्हणायला लागला. सगळं शहर बघू-बघू करायला लागलं.

हळूहळू जहाजं यायची थांबली. खाडीसुद्धा गाळाने भरत चालली. का, ते कुणाला कळेना.

मग एकदा काय झालं, पुष्कळ दिवसांनी एक जहाज आलं. व्यापाऱ्याने विचारलं, "महाराज, वखारीला जागा द्याल?" राजा म्हणाला, "बघू." व्यापारी वाट पाहून पाहून निघून गेला. राजाला वाटलं, आपली वेस जुनाट दिसते. त्याने वेशीला सोन्याचा पत्रा ठोकला.

मग दुसरं जहाज आलं. तो व्यापारी म्हणाला, "माझा माल चोरीला गेला, तर न्याय मिळेल?" राजा म्हणाला, "बघू." तोही गेला. राजाला वाटलं, पाहुणचार कमी पडला. त्याने गुलाबपाण्याची कारंजी उडवली. आता सांगा, कारंज्यात का कुणी माल ठेवतो?

लोक कंटाळले. म्हणाले, "आता पुढचं जहाज परत गेलं, की आम्हीही घरं सोडून निघालो." राणी चंपावती म्हणाली, "मीही लेकरांना घेऊन माहेरी जाते. ओसाड गावात काय भुतांना वाढू?" राजा तर हादरलाच. लेकरांशिवाय तो कसा राहणार होता?

मग तिसरं जहाज आलं. मालकीण होती झायराबाई. मराठी बोलायची, पण शब्दाला शब्द लावून शिकलेली. तिने विचारलं, "जकात सगळ्यांना एकच ना? वर आणखी कुणाला काही द्यायचं नाही ना?" राजाने रंभाजीकडे पाहिलं. रंभाजीने राजाकडे पाहिलं. राजा म्हणाला, "बघू."

बाई खूश! दुसऱ्या दिवशी नटूनथटून वाड्यावर हजर. म्हणाली, "चला."

"कुठे?" राजा म्हणाला.

"काल म्हणालात ना, बघू? मग दाखवा!"

दरबार खो खो हसला. बाईला बघूचा खरा अर्थ समजला, तशी ती लाल झाली. "तुमच्याकडे बघायला सगळं आहे," ती म्हणाली, "उत्तर तेवढं नाही." आणि तडक निघाली.

लोकांनीही गाठोडी बांधली. पण जहाज हलेना! भर भरतीला ते गाळात रुतून बसलं. सगळे धक्क्यावर धावले. इतक्यात पाणी डुचमळलं आणि वर आली कोण? खाडीमावशी! केसांत शेवाळ, कानांत शिंपले, अंगभर चिखल. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "अरे लबाडांनो, तुमचा एकेक बघू म्हणजे माझ्या घशात एकेक ओंजळ गाळ पडतो! हो तर हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. नाहीतर मी आटले म्हणून समजा."

राजा पुढे झाला. म्हणाला, "वखारीला जागा? हो, देईन." पाणी बुडबुडलं. "परक्याचा माल चोरीला गेला, तरी घरच्यासारखाच न्याय? हो." पाणी वीतभर चढलं. राहिला तिसरा प्रश्न. रंभाजी कानाशी लागला, "दाजी, माझी भेट तेवढी राहू द्या हं."

राजाच्या तोंडून निघालं, "ब..." तशी जहाजावर चढायची फळी करकरली. राजाने वळून पाहिलं. फळीवर राणी गाठोडं घेऊन उभी. धाकटी लेक तिच्या कडेवर झोपलेली. राजाने डोळे गच्च मिटले आणि ओरडला, "नाही! भेट नाही! जकात एकच, ती सगळ्यांना!"

धो धो पाणी आलं! जहाज डुलायला लागलं. राजाने भीत भीत डोळे उघडले. आता रंभाजीचं मन मोडलं असणार! पण रंभाजी नुसता डोकं खाजवत उभा. "असं होय? मग आधीच नाही म्हणायचं ना, दाजी! मी आपला हो समजून घेत बसलो." घेतलेलं परत करायचं कबूल केलं त्याने. थोडा फुगला, पण दुपारी जेवायला आलाच, आणि दोन वाट्या आमटी जास्त प्यायला, ते नंतरचं! राजाला इतकं हलकं वाटलं, की तो हसता हसता रडायला लागला.

पण जहाज तर मोकळं झालं होतं. आता ते जाणार की राहणार? सगळे धक्क्याच्या कडेला सरसावले. झायराबाईने खलाशांना सांगितलं, "नांगर टाका!"

राजा म्हणाला, "बाई, आता का थांबलात?"

बाई म्हणाली, "तुमचं 'नाही' ऐकलं, महाराज. आता तुमच्या 'हो'वर विश्वास ठेवता येतो."

मग राणीने गाठोडं सोडलं. लोकांनी गाठोडी सोडली. पुन्हा जहाजं यायला लागली, पुन्हा चुली पेटल्या, आणि पोवळेबंदरच्या सगळ्यांचं छान झालं. तुमचंही होवो. चला, पांघरुणं ओढा नि मिटा डोळे. आणि आता आणखी गोष्ट नाही म्हणजे नाही.