साळूची तालीम

फार पूर्वी, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका डोंगरावर साळू नावाची साळिंदरीण राहत होती. गवत वाळू लागलं की तिला वणव्याचा घोर लागे. म्हणून एके सकाळी तिने सगळ्या प्राण्यांना ओढ्यापर्यंत पळायची तालीम करायला लावली.

तालमीचा पार फज्जा उडाला. रानडुकरं सशांवर जाऊन आदळली आणि म्हातारं कासव मागेच राहिलं. झाडावरून हुप्प्या वानर खो खो हसला. "अगं साळूताई, आग आहे कुठे?"

"आग नाही, म्हणूनच आज चुकलं तरी चालतंय," साळू म्हणाली. तिला त्याचं हसणं लागलं, पण तिने हट्ट सोडला नाही. ससे पुढे, डुकरं मागे आणि कासव डुकराच्या पाठीवर, हे जमेपर्यंत तिने सगळ्यांना पुन्हा पुन्हा पळवलं.

चैत्रात खरंच वणवा पेटला. धुरात कुणाला काही दिसेना, पण पायांना वाट पाठ होती. सगळे ओढ्यावर सुखरूप पोचले. भरकटलेला हुप्प्या सर्वांत शेवटी धडपडत आला. त्याच्या शेपटीचं टोक करपलं होतं. साळूने त्यावर ओला चिखल थापला.

"साळूताई," हुप्प्या खोकत म्हणाला, "पुढची तालीम कधी गं?"