सहासष्ट टक्के

"हसनबाबाकडं पांढरा साप हाय म्हणं, अन् रोज सकाळी तो त्याच्याशी…"

तेवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि रांगेतल्या बाईचं पुढचं सगळं पिठात गेलं.

शालनकाकूंना अर्धी बातमी कधी पचली नाही. दळणाचा डबा घरी टेकवतात न टेकवतात तोच गल्लीत पुण्याची गाडी शिरली. उतरलेल्या तरुणाच्या हातात भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा.

"हसनबाबा कुठं राहतात?"

"आमच्या भिंतीला भिंत. चला, मीच येते."

वाटीभर आमटी झाकून काकू निघाल्या. अकरा वर्षांच्या शेजारात त्या उंबऱ्याच्या आत त्या आज पहिल्यांदाच जात होत्या.

हसनबाबांनी तीस वर्षं सर्पोद्यानात पिंजरे झाडले होते. उद्यान बंद पडलं तेव्हा एक परदेशी अजगर रीतसर कागद करून घरी आणला. बायको गेलेली, मुलगा दुबईला. एवढं काकूंना भिंतीपलीकडून ठाऊक होतं.

"पांढरा दाखवता का, बाबा?" तो तरुण, पराग कुलथे, बसायच्या आधीच म्हणाला. "माझ्याकडे बावीस अजगर आहेत, नाना रंगांचे. अल्बिनो, पाइड, पेस्टल… सगळ्यांची नावं, पिढ्या लिहून ठेवल्यात. माझा पांढरा नर मेला आणि चार वर्षांचं पैदाशीचं काम अडलं. तुमचा मिळाला तर पुढं सरकेल. बदल्यात हा डब्यातला घ्या."

बाबांनी कोपऱ्यातली लाकडी पेटी उघडली. आत तपकिरी अजगर. झाकण हलताच तो डोकं मधे घेऊन चेंडूसारखा गोळा झाला.

"हीच. मादी हाय."

"ही? ही तर साधी आहे."

"साधी म्हणजे?"

"म्हणजे रंगात काही नाही. अशा कुणी फुकटही नेत नाही."

बाबा परागच्या डब्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "अन् हे काय? डोळ्यांना नीट दिसत न्हाई आताशा."

"६६ टक्के हेट." परागचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "आईबाप दोघंही तपकिरी, पण दोघांच्या अंगात पांढरं दडलेलं. अशांच्या चार पिल्लांत सरासरी एक पांढरं निघतं. उरलेली तीन तपकिरी. त्यातल्या दोघांत पांढरं दडून असतं, त्याला आम्ही हेट म्हणतो. पण ती दोन कोणती, ते वरून कळत नाही. म्हणून तिघांवरही हीच चिठ्ठी."

"आमच्या आत्याबाईंचे घारे डोळे एकदम पणतीला आले, तसंच ना?" काकू म्हणाल्या.

"अगदी तसंच, काकू."

"मग एवढं लांबण कशाला लावलं!"

बाबा हसले. मग म्हणाले, "म्हणजे ह्याच्या अंगात सहासष्ट टक्के पांढरं?"

"नाही हो. असेल तर आहेच. नसेल तर मुळीच नाही."

"मग सहासष्ट टक्के कुणाचे?"

"आमचे. म्हणजे… आम्हाला ठाऊक नसल्याचे."

बाबांनी नखानं चिठ्ठी सोडवली आणि परागच्या खिशावर चिकटवली. वरून तळहातानं दाबली.

काकूंना हसू आवरेना. पराग मात्र हसला नाही.

"पांढरा साप खोटाच म्हणायचा," तो म्हणाला.

"होता. हिचाच. उद्यानात झाला. नऊ दिवस जगला."

पराग ताडकन उठला. "हिचा? मग ही शंभर टक्के हेट! बाबा, ही द्या. पाहिजे ते मागा."

"आत्ता तर फुकटबी नको होती. पांढऱ्यासाठी आलास. तो न्हाई. हिच्यासाठी आलास की बघू."

पेटीत गोळा सैल होत होता. मादीनं डोकं बाहेर काढलं, जीभ हलवली. पराग खाली बसला. किती तरी वेळ तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. आमटी निवून गेली.

उठताना त्यानं आपला डबा पोटाशी धरला. "ह्याला परत नेतो. पुढच्या रविवारी येईन… बहुतेक."

बाबांनी त्याच्या खिशावरच्या चिठ्ठीवर टिचकी मारली.

गाडी गेली. काकू उंबऱ्यात घुटमळल्या. गिरणीत राहिलेला अर्धा भाग जिभेवर आला होता.

"बाबा, तुम्ही रोज सकाळी हिच्याशी बोलता म्हणे?"

"बोलतो."

"अहो, सापाला कुठं कान असतात?"

"कानवाले सगळे लांब गेले, बाई."

काकूंनी पदरानं उगाच वाटीची कड पुसली.

"काय बोलता?"

"सांगतो… आज कुणीतरी येईल."

"आणि नाही आलं, तर?"

बाबांनी पेटीचं झाकण हळूच लावलं.

"म्हणून तर तिला टक्के सांगत न्हाई."