पाल्याचा गुण

त्या राज्यात पाणी वाहत नसे. चारी बाजूंना बांध होते आणि बांधाच्या आत प्रजा होती. प्रजा ज्यात खाई, ज्यात घाण करी आणि ज्यात श्वास घेई, ते पाणी एकच.

एका वर्षी प्रजेच्या अंगावर लाल चट्टे उठले. सगुणा नावाच्या रोहू माशाची बहीण एका सकाळी पोट वर करून तरंगली. सगुणेनं सगळ्यांना गोळा केलं आणि काठाकडे तोंड करून एकच मागणं मागितलं: पाणी बदला.

काठावरचे दयाळू होते. मेलेल्यांचा ढीग पाहून त्यांचं मन द्रवलं आणि दुसऱ्याच दिवसापासून खाद्यात पाला येऊ लागला. कडुनिंब, तुळस, शेवगा. सावलीत वाळवून बारीक कुटलेला. घास कडू लागे, पण पंधरवड्यात चट्टे गेले, भूक खवळली आणि एकेकाचं अंग भरू लागलं.

तिथला ज्येष्ठ म्हणजे भिकाजी नावाचा कटला मासा. त्याला तर भरतंच आलं. "औषध असावं तर आपल्या मातीतलं!" असं तो दिवसभर सांगत फिरे. तळाचा गाळ सोडला तर माती त्यानं कधी पाहिली नव्हती.

"काका, पाण्याचं काय झालं?" सगुणेनं विचारलं.

"अगं, या पाण्यात आपण मरेनासे झालो. मग ते बदलायचं कशाला?"

काठावरच्यांनीही असाच विचार केला असावा. कोणी मरत नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी दोन हजार पिल्लं आत सोडली. मग वळायलाही जागा उरेना. वळण्याआधी शेजाऱ्याची परवानगी घ्यावी, असा शिष्टाचार पडला. पहाटे सारी प्रजा वर येऊन तोंडं वासून हवा गिळे. भिकाजी त्याला प्राणायाम म्हणे.

सगुणेनं चार दिवस अन्न सोडलं. पाचव्या दिवशी खाल्लं. पोटाला मतं नसतात.

मग एक दिवस जाळं आलं. "थोरामोठ्यांना बोलावणं आलंय!" म्हणत भिकाजी सर्वांआधी आत शिरला. सगुणेला राहवेना. तिनं पाण्याबाहेर उंच उडी घेतली आणि तेवढ्या क्षणात पाहिलं: कोणीतरी भिकाजीचा कल्ला उचलून "डाग म्हणून नाही!" असं कौतुकानं म्हणालं, त्याला बर्फात निजवलं आणि वर झाकण लावलं.

"काकांना बर्फात पुरलं!" खाली येताच ती ओरडली.

"म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी नेलं," एक मृगळ मासळी हेव्यानं म्हणाली. "नशीब लागतं."

पुढचं ऐकायला सगुणेजवळ कोणी थांबलंच नाही. शे-दोनशे थोर गेल्यानं पाण्यात जागा झाली होती आणि जो तो परवानगीवाचून गिरक्या घेत होता. "पाहा, पाल्याचा गुण!" असं एकमेकांना सांगत होता.

संध्याकाळी खाद्य पडलं. कोणी झुंबड केली नाही. सगळे अदबीनं मागे सरले.

"सगुणाबाई, आता थोर तुम्हीच. आधी तुम्ही."

तिनं चारी बांधांवरून नजर फिरवली. मग ती वर गेली आणि तिनं घास घेतला.

काठावर दोघे उभे होते. एकानं दोन्ही तळवे हवेत समोरासमोर धरले, सगुणेकडे नीट पाहिलं आणि तळव्यांमधलं अंतर आणखी वीतभर वाढवलं.