खोट नसलेलं इंजिन

“यात खोट कुठं आहे, तेवढंच सांगा उस्ताद. दुसरं काही विचारायला आलो नाही.”

धनपाल मगदूम उंबऱ्याबाहेरच उभा होता. पायाशी पोतं, पोत्यात स्कूटरचं इंजिन. म्हैसाळहून मिरजेपर्यंत एसटीत ते मांडीवर घेऊन आला होता. पँटीवर तेलाचा डाग पसरला होता.

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली. आठ वर्षांनी ते त्याला बघत होते.

“आत ये,” ते म्हणाले.

एके काळी तीन जिल्ह्यांत या माणसाचं नाव होतं. बेळगावपासून लोक स्कूटर घेऊन यायचे. उस्ताद इंजिनचं हेड उतरवायचे, कानस घ्यायचे, आतल्या हवेच्या वाटा केसभर घासायचे. बस्स. तीच गाडी परत जाताना ओळखू यायची नाही. मग एक दिवस त्यांनी कानशी तेलकट फडक्यात गुंडाळल्या आणि ट्रंकेत टाकल्या. का, ते कुणाला कळलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “हात थकले.”

धनपाल त्यांच्याकडे आला तो त्यानंतर. सहा वर्षं राहिला. पंक्चरपासून क्रँकपर्यंत सगळं शिकला. पण गाडी पळवायची विद्या उस्तादांनी त्याला दिली नाही. कानस कशी धरायची ते दाखवलं, हेड मात्र कधी हातात दिलं नाही.

शेवटी एक दिवस तो भर गल्लीत ओरडला होता, “तुमची विद्या तुमच्याबरोबर मातीत जाणार! मी माझी मिळवीन.”

आणि त्यानं मिळवली.

आता उस्ताद फक्त फवारणीचे पंप दुरुस्त करत. समोरचा पंप त्यांनी बाजूला सारला, सतरंजी झटकली आणि पोत्याकडे बोट केलं.

“कुणाची गाडी?”

“मेव्हण्याची… म्हणजे आधी पद्मजाची. माझ्या बायकोची.”

“मेव्हणा कुठाय?”

धनपाल खाली वाकला. पोत्याची सुतळी सोडू लागला. गाठ सुटेना. उस्ताद वाट बघत राहिले.

“गेला,” धनपाल म्हणाला. “जानेवारीत.”

सुदर्शन त्याचं नाव. वय सव्वीस. पद्मजाचा एकुलता एक भाऊ. आई गेल्यावर तिनंच वाढवलेला. दूध संघात कामाला होता. पद्मजानं नवी गाडी घेतली तेव्हा आपली जुनी, पिस्ता रंगाची स्कूटर त्याला दिली. तिच्यावरून ती बारा वर्षं भाजी आणत होती.

सुदर्शन ती घेऊन थेट धनपालच्या गॅरेजवर आला होता. “दाजी, हिला जरा जीव द्या की. अक्काला सांगू नका.”

धनपालनं महिनाभर तिच्यात जीव ओतला. सिलिंडर मोठा केला, पिस्टन बदलला, हेडमधल्या वाटा स्वतःच्या हातानं घासल्या. पन्नासला धापा टाकणारी ती स्कूटर एकशे पंधराला गेली, आणि तिथंही थरथरली नाही. ब्रेक बदलले, टायर बदलले. धनपाल अर्धवट काम करणारा नव्हता. पहिल्या दिवशी सुदर्शननं हायवेवर एका मोठ्या मोटारसायकलला मागं टाकलं आणि परत येऊन दाजीला कडकडून मिठी मारली.

दोन महिन्यांनी, दुपारी चारच्या लख्ख उन्हात, कारखान्याच्या फाट्यावर उसानं भरलेला ट्रॅक्टर त्याच्यासमोर वळला. मागं दोन ट्रॉल्या. रस्ता पूर्ण अडला.

धनपालनं हे सगळं उभ्या उभ्या, एका दमात सांगितलं.

“बाहेरचं सगळं चेपलं. इंजिनला ओरखडा नाही. पण काहीतरी चुकलं असणार ना, उस्ताद? ऐन वेळी अडकलं असेल. रेस परत आली नसेल. एखादी कड राहिली असेल माझ्याकडून… तेवढी दाखवा. मी ती घेऊन जातो.”

“घेऊन कुठं जातोस?”

“पद्मजाकडं. तिच्यापुढं ठेवतो.”

उस्तादांनी चष्मा लावला.

त्यांनी इंजिन उघडलं. घाई नव्हती. एकेक बोल्ट काढून फडक्यावर ठेवत गेले. पिस्टन हातात घेऊन फिरवला. सिलिंडर उजेडाकडे धरून त्यातून आभाळ पाहिलं. हेड घेतलं, करंगळी आत घातली आणि नखानं वाट चाचपत राहिले, डोळे मिटून.

शेजारच्या घरात कुणीतरी सतारीची तार लावत होतं. एकच सूर, पुन्हा पुन्हा.

धनपाल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. कपाळाला आठी पडेल, नख कुठं तरी अडेल…

नख अडलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा उस्तादांनी चष्मा काढला.

“खोट नाही.”

“नीट बघा.”

“बघितलं.”

“पुन्हा बघा, उस्ताद!”

“धनपाल,” उस्ताद हळू म्हणाले, “असं काम माझ्या हातून कधी झालं नाही.”

सहा वर्षं ज्या वाक्यासाठी त्यानं या माणसाचे पाने आणि डबे उचलले होते, ते वाक्य आज मिळालं. धनपाल भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. तीन महिन्यांत एकदाही आलं नव्हतं.

“मग तो मेला कशानं?” त्यानं विचारलं.

उस्तादांनी हेड पुसून जागेवर बसवलं आणि बोल्ट आवळू लागले. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर म्हणाले,

“गाडी वरून कशी होती?”

“वरून?”

“दिसायला.”

“होती तशीच. पिस्ता रंग. सीट फाटलेली… पुढं बास्केट.”

“बास्केट?”

“भाजीची. पद्मजानं लावलेली.”

“पळवायच्या गाडीची बास्केट पहिल्यांदा काढतात. वारा धरते. तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे.”

“मग ठेवलीस कशाला?”

शेजारची तार थांबली होती.

“सुदर्शन काढत होता,” धनपाल म्हणाला. “मीच म्हटलं, राहू दे. बास्केटवाली गाडी अंगावरून गेली की लोकांची तोंडं बघण्यासारखी होतात. म्हणून… सायलेन्सरही बाहेरून जुनाच ठेवला. आवाज दाबला. तेच तर खरं कसब होतं, उस्ताद. बघणाऱ्याला कळता कामा नये.”

“कुणाला?”

“कुणालाच.”

उस्ताद हात पुसत राहिले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिले.

“ट्रॅक्टरवाला काय म्हणाला?”

धनपालचा चेहरा उतरला. या प्रश्नाच्या भीतीनं तो तीन महिने गावभर हिंडला होता. पद्मजानं तो विचारला नव्हता, पोलिसांनी विचारला नव्हता. उत्तर कुणालाच ऐकायचं नव्हतं.

ट्रॅक्टरवाल्याचं नाव अंकुश बडे. बीडकडचा, हंगामापुरता आलेला. लोकांनी त्याला फाट्यावरच धरून चोपलं. धनपाल पोचला तेव्हा तो रस्त्याकडेला बसला होता, ओठ फुटलेला. धनपालनंही त्याच्या दोन मुस्काटात दिल्या होत्या. त्यानं तोंडावर हातसुद्धा धरला नव्हता.

“एकच म्हणत होता,” धनपाल म्हणाला. “‘दादा, स्कूटर लई लांब होती हो. बाईमाणसाची स्कूटर दिसली, लई लांब होती.’”

“मग?”

“लोक म्हणाले, खोटं बोलतोय. प्यायला असेल.”

“प्यायला होता?”

“नाही.”

“लांब होती?”

धनपालनं डोळे मिटले.

“होती,” तो म्हणाला. “साध्या स्कूटरला तिथवर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दोन ट्रॉल्या आरामात वळतात. मी जाऊन मोजलंय, उस्ताद. चार वेळा मोजलंय.”

“ज्या दिवशी त्याला मारलंस, त्या दिवशी कळलं होतं?”

“हात उचलला तेव्हाच कळलं होतं.”

“तरी मारलंस.”

“म्हणूनच मारलं.”

उस्तादांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

“तपासणीवाल्यांनी गाडी बघितली असेल,” उस्ताद म्हणाले.

“वरून बघितली. ब्रेक, दिवा, टायर. कागदावर लिहिलं, साधी घरगुती स्कूटर. मी शेजारीच उभा होतो.”

“आणि तो?”

“जेलात आहे. जामीन राहायला त्याचं इथं कोण आहे? हंगाम संपला, टोळी गावाकडं गेली. बायको एकदा आली होती म्हणतात, पोरगी काखेत घेऊन. गावात कुणी पाणी विचारलं नाही तिला…”

त्यानं पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली.

“पद्मजा रोज त्याला शाप देते. सकाळी दिवा लावते आणि त्याचं नाव घेऊन म्हणते, कुजून मर. मी शेजारच्या खोलीत दाढी करत असतो. मला म्हणते, तुम्ही होता म्हणून मी उभी आहे. हाच हात धरून म्हणते, उस्ताद, हाच!”

त्यानं हात पुढं केला. मग त्या हाताचं काय करावं हे कळेना, तसा त्यानं कोपऱ्यातला घण उचलला. इंजिनसमोर गुडघ्यावर आला आणि घण डोक्यावर नेला.

उस्तादांनी आपला उजवा पंजा इंजिनवर ठेवला. पसरून, पाची बोटं.

“मार,” ते म्हणाले.

घण वरच राहिला.

“हात काढा.”

“नाही.”

“काढा, उस्ताद! मला हे डोळ्यांपुढं नको.”

“त्यानं काय केलंय? तू सांगितलंस तेवढंच केलं.” उस्तादांचा हात हलला नाही. “सगळे खोटं बोलले, धनपाल. कागद खोटं बोलला, गाडीचा रंग खोटं बोलला, तू बोललास. हे एकटं अजून खरं बोलतंय. हे फोडलंस तर त्या माणसाच्या बाजूनं बोलणारं कोण राहील?”

घण खाली आला. सतरंजीच्या बाजूला, मातीवर, आवाज न करता.

धनपाल तसाच गुडघ्यावर बसून राहिला. उन्हाची तिरीप त्याच्या पाठीवर सरकली.

मग त्यानं विचारलं, “मी जाऊन सांगितलं तर ते त्याला सोडतील?”

“ठाऊक नाही.”

“तो मला माफ करील?”

“कशाला करील?”

“पद्मजा राहील माझ्याजवळ?”

उस्तादांनी मान हलवली. नाही.

“सुदर्शन तर येत नाही परत.”

“नाही.”

“मग सांगून मला काय मिळणार, उस्ताद?”

“काही नाही.”

धनपाल हसला. फार वाईट हसला.

“म्हणजे सांगू नको?”

उस्तादांनी इंजिन उचलून पोत्यात घातलं, सुतळी घट्ट बांधली. तोंडाशी धरायला एक फास ठेवला. पोतं त्यांनी धनपालच्या पायाशी आणून ठेवलं. सत्तरीतला माणूस, तेवढ्यानं धाप लागली.

“जेलवर मुलाखतीची नावं साडेतीनपर्यंत घेतात,” ते म्हणाले. “खिडकी डाव्या हाताला आहे. कैद्याचं नाव सांगायचं, आपलं सांगायचं. नातं विचारतात.”

“नातं काय सांगू?”

“मला कधी सुचलं नाही.”

धनपालनं दचकून त्यांच्याकडे पाहिलं. उस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते. दाराबाहेर, रस्त्याकडे बघत होते. त्या ट्रंकेतल्या कानशींबद्दल गावानं केलेले सगळे तर्क धनपालला एकदम आठवले. त्यातला एकही खरा नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं.

“उस्ताद… तुम्ही किती वेळा गेला होता?”

उस्तादांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

“तो माणूस… सुटला?”

उस्ताद अजून रस्त्याकडेच बघत होते.

धनपालनं फासात हात घातला आणि पोतं खांद्यावर घेतलं. ओझ्यानं तो एका बाजूला कलला. उंबरा ओलांडून रस्त्यावर आला. चार पावलं गेला असेल तेव्हा मागून हाक आली.

“धनपाल.”

तो थांबला.

दस्तगीर उस्ताद चौकटीला धरून उभे होते.

“जेलच्या फाटकासमोर एक चिंच आहे. सावली फार गार आहे तिची… बसलं की साडेतीन होऊन जातात. तिथं बसू नकोस.”